पाटल्या गहाण आहेतच, मग सावकाराला व्याज कशाला?

सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्याकडच्या वस्तीतून एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव गाळून त्याचा सारांश आधी देत आहे.

“माझे पती एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. दर शनिवारी सरासरी ४,००० रुपये पगार होतो. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. सीझन आणि मंदी मिळून महिन्याला सरासरी ७,००० सुटतात. सासूबाई विड्या वळत असत, त्यांना १,५०० रुपये पेन्शन येते. घर स्वतःचे आहे. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत आहे. नणंदेच्या लग्नासाठी सासूबाईंच्या पाटल्या आणि माझे गंठण पतसंस्थेत ठेवून १३ टक्क्यांनी ९०,००० रुपये काढले होते. दिवाळीच्या बोनसातून व्याज भरून ते दरवर्षी नवे-जुने करतो. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पेठेतल्या एका गृहस्थाकडून शेकडा पाचने ५०,००० घेतले. वीस महिने झाले, महिन्याला २,५०० व्याज देतो आहोत, मुद्दल तसेच आहे. त्यांच्याकडे सही केलेले दोन कोरे चेक आहेत. महिला गटाचे ३२,००० बाकी आहेत, हप्ता २,२००. गाडीचे २,६५० चे नऊ हप्ते राहिले आहेत. छताचे पत्रे बदलताना भावाकडून ४०,००० हातउसने घेतले. किराण्याची उधारी ११,००० झाली आहे. शिवाय १,००० रुपयांची भिशी आहे, ती अजून पाच महिने चालेल. माझा नंबर शेवटचा आहे. एका फायनान्स कंपनीचा माणूस सगळी कर्जे मिटवायला अडीच लाख देतो म्हणतो. घ्यावेत का? भावजयीसमोर मान खाली जाते, म्हणून आधी भावाचे पैसे फेडावेत असे मला वाटते. मुलीचा क्लास बंद करू का? सावकाराचे कर्ज आपल्या दुखण्यासाठी काढले हे सासूबाईंना माहीत नाही, सांगावे का? खर्चाची यादी आणि दुकानाच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे.”

भगिनी,

आपल्या घरावर नेमके किती कर्ज आहे हे विचारले, तर बहुतेक जण अंदाजाने आकडा सांगतात आणि तो नेहमी खऱ्यापेक्षा कमी असतो. तुम्ही मात्र बाकी, हप्ता, व्याजाचा दर आणि कर्ज कशासाठी काढले याचे कारण, असे सगळे लिहून पाठवले आहे. त्यामुळे मला आकड्यांवर बोलता येते. गाडीचे उरलेले हप्ते धरून तुमच्या कर्जाची बेरीज २,४६,८५० रुपये होते. तुमच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम मोठी असली, तरी आवाक्याबाहेरची नाही. अडचण आहे ती फेडीच्या क्रमाची. ज्या कर्जाची तुम्हाला लाज वाटते त्यावर व्याज नाही, आणि जे कर्ज घर पोखरते आहे त्याचे व्याज वेळच्या वेळी जाते म्हणून त्याकडे तुमचे लक्ष जात नाही.

शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. वीस महिन्यांत तुम्ही या गृहस्थांना पूर्ण ५०,००० रुपये देऊन बसला आहात आणि त्यांचे येणे अजून ५०,००० च आहे. त्याच घरातले सोने पतसंस्थेत १३ टक्क्यांच्या कर्जावर ठेवलेले आहे. ते कर्ज काढले तेव्हाच्या आणि आजच्या सोन्याच्या भावात किती अंतर पडले आहे, हे सोलापुरातल्या कोणत्याही सराफाच्या पेढीवर तुम्हाला कळेल. तुमच्या यादीप्रमाणे पाटल्या आणि गंठण मिळून अडीच तोळे आहेत. आजच्या मूल्यांकनावर त्याच दागिन्यांवर आणखी ५०,००० रुपये मिळायला अडचण पडू नये. तेव्हा पहिले काम हे: पतसंस्थेत जाऊन दागिन्यांचे नव्याने मूल्यांकन करून मागा, ५०,००० रुपयांचे वाढीव कर्ज घ्या आणि ती रक्कम घरी न आणता त्याच दिवशी सावकाराचे मुद्दल मिटवा. पतसंस्था तयार नसेल, तर राष्ट्रीयीकृत बँकेत चौकशी करा. सोनेतारणाचा दर तिथे बहुधा कमीच असतो.

यामुळे कर्जाचा एकूण आकडा एका रुपयानेही घटणार नाही हे खरे, पण ५०,००० रुपयांवर महिन्याला २,५०० जात होते, तिथे आता सुमारे ५४२ जातील. जवळपास दोन हजारांचा हा फरक घरातला कोणताही खर्च न कापता मिळतो. भाजी कमी आणून आणि दूध पातळ करून एवढी बचत करायची म्हटली, तर मुलांच्या तोंडचा घास काढावा लागेल. काटकसरीबद्दल मला पुढे बरेच सांगायचे आहे, पण साठ टक्क्यांचे व्याज चालू ठेवून केलेली काटकसर ही सावकाराच्या घरची काटकसर ठरते, एवढे आधी ध्यानात घ्या.

सावकाराशी व्यवहार मिटवताना गाफील राहू नका. हे गृहस्थ परवानाधारक आहेत की नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना असला, तरी शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून शासनाने ठरवून दिलेला व्याजदर वर्षाला तारणी कर्जास १५ टक्के आणि विनातारण कर्जास १८ टक्के आहे. म्हणजे महिन्याला शेकडा पाच हा दर कोणत्याही बाजूने कायद्यात बसत नाही. हे त्यांनाही माहीत असणार. म्हणून पतींनी एखाद्या वडीलधाऱ्या, जाणत्या माणसाला सोबत घेऊन जावे, आजवर दिलेल्या व्याजाचा हिशेब समोर ठेवावा आणि मुद्दलात काही सूट मिळते का हे स्पष्टपणे विचारावे. सूट मिळाली तर चांगलेच. नाही मिळाली तरी महिन्याचे व्याज थांबवणे हे पाच-दहा हजारांच्या घासाघिशीपेक्षा महत्त्वाचे आहे. पैसे शक्यतो बँक खात्यातून द्या, “सर्व रक्कम मिळाली, काही येणे राहिले नाही” असे लिहून घ्या आणि दोन्ही कोरे चेक हातात आल्याशिवाय तिथून उठू नका. चेक हरवले असे सांगण्यात आले, तर त्याच दिवशी बँकेत जाऊन त्या क्रमांकांचे पेमेंट थांबवण्याचा अर्ज द्या. मुद्दल घ्यायलाच नकार, दमदाटी किंवा घरी माणसे पाठवणे असे काही घडल्यास सहकार खात्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक कार्यालयात लेखी तक्रार करता येते. दमदाटीची तक्रार पोलिसांकडेही द्यावी.

वाढीव कर्जासाठी सासूबाईंची संमती लागेल, कारण पाटल्या त्यांच्या आहेत. इथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यांना सांगायलाच हवे, पण ते तुम्ही नव्हे, त्यांच्या मुलाने सांगावे. सुनेच्या तोंडून ही गोष्ट निघाली तर ती कितीही मऊ शब्दांत सांगितली तरी “तुमच्या दुखण्यामुळे आम्ही बुडालो” असाच तिचा अर्थ लावला जाईल. पतींनी संध्याकाळी निवांत बसून आधी रक्कम सांगावी, मग व्याज सांगावे, मग पाटल्यांवर वाढीव कर्ज काढल्याने किती वाचेल ते सांगावे. शस्त्रक्रियेचा उल्लेख येईल तेवढाच येऊ द्यावा. ज्या बाईने विड्यांच्या हजाऱ्या मोजून दिवसाच्या मजुरीत संसार केला आहे, तिला पैशाचा हिशेब कळत नाही असे समजणे हाच तिचा खरा अपमान आहे. माझा अंदाज असा, की दागिने मोडायचे नाहीत हा तुम्ही कळवलेला त्यांचा आग्रह दागिन्यांपेक्षा, आपल्याला न विचारता घरात काही घडते आहे या शंकेतून आलेला असावा.

दागिना मोडण्याबद्दल माझे मत विचाराल, तर तूर्त मोडू नये, कारण घडणावळ जाते, घट धरली जाते आणि एवढे करून नंतर तोच दागिना करायला दुप्पट दमछाक होते. परंतु पुढे वर्षभरात सोनेतारणाचे मुद्दल ठरल्याप्रमाणे उतरत नाही असे दिसले, तर मात्र एक पाटली मोडून कर्ज हलके करावे.

आता फायनान्स कंपनीच्या अडीच लाखांविषयी. तुम्ही दर २४ टक्के आणि मुदत ३६ महिने असे कळवले आहे. त्याचा हप्ता ९,८०० रुपयांच्या आसपास बसतो आणि तीन वर्षांत एकूण ३ लाख ५३ हजार रुपये भरावे लागतात. प्रक्रिया शुल्क आणि विम्याची कपात वेगळी. या कर्जातून तुम्ही साठ टक्क्यांचे कर्ज फेडाल हे ठीक, पण त्याच पैशातून १३ टक्क्यांचे सोनेतारण, बिनव्याजी भावाचे पैसे आणि बिनव्याजी किराण्याची उधारीही फेडाल, म्हणजे ज्यावर आज काहीच व्याज नाही त्यावर २४ टक्के द्यायला लागाल. सगळी कर्जे एका ठिकाणी आल्याने डोके हलके होते, हे मी नाकारत नाही; पण त्यासाठी लाखभर रुपये व्याज मोजणे तुम्हाला परवडणारे नाही. त्या माणसाला नकार द्या. पुढे कधी कोणतेही कर्ज घेण्याची वेळ आलीच, तर सही करण्यापूर्वी मुख्य तथ्य विवरणपत्र मागून घ्यावे. सगळे शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो ते त्यात छापलेले असते आणि एजंटाच्या तोंडचा “फक्त दोन टक्के” तिथे चोवीस होऊन समोर येतो.

तुमच्या खर्चाच्या यादीकडे वळतो. किराणा ५,५००, दूध १,८००, भाजी आणि आठवड्याला एकदा मटण-अंडी २,०००, गॅस ८००, वीज १,२००, शाळा आणि क्लास २,०००, सासूबाईंची औषधे ९००, पेट्रोल १,५००, तीन मोबाइलचे रिचार्ज ९०० आणि पतींचा मावा-चहा १,२००, अशी ही १७,८०० रुपयांची बेरीज आहे. त्यात सावकार, गट, गाडी आणि भिशी यांचे ८,३५० मिळवले की २६,१५० होतात. चार शनिवारांच्या महिन्यात घरात येतात २४,५००. दर महिन्याला १,६५० रुपये कमी पडतात आणि ते दुकानदाराच्या वहीत जाऊन बसतात. ११,००० ची उधारी म्हणजे साधारण सात महिन्यांची ही तूट आहे. दुकानाची उधारी वाढली म्हणून तुम्ही स्वतःला उधळी म्हटले आहे, ते मला पटले नाही. ही उधळपट्टी नाही, मिळकतीपेक्षा जास्त ठरलेली देणी आहेत.

तरीही वहीची ती दोन पाने मी बारकाईने वाचली. रविवारी तेल पाव किलो, चहाची पुडी, साखर अर्धा किलो. सोमवारी शाम्पूच्या दोन पुड्या, बिस्किटे. मंगळवारी पुन्हा तेल पाव किलो, शेंगदाणे पाव. बुधवारी चहाची पुडी, कपड्यांचा साबण एक, फरसाण. एका आठवड्यात तेल तीनदा आणि चहा चारदा आला आहे. पावशेराने आणि पुडीने घेतलेला माल नेहमी महाग पडतो, आणि दुकानाची पायरी जितक्या वेळा चढावी तितक्या वेळा फरसाण आणि बिस्किटे पदरात पडतात. यात तुमचा दोष असा नाही. हातात पैसे नसले की माणूस पावशेरानेच घेतो. पगार आठवड्याने होतो, तर किराणाही आठवड्याने आणा. शनिवारी पगार झाला की रविवारी सकाळी यादी करून रोखीने एकदाच माल भरा आणि मधल्या दिवसांत मुलांना दुकानात पाठवू नका. सोलापुरात ज्वारी हे आपले मुख्य अन्न आहे. रब्बीची नवी ज्वारी बाजारात येते तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, वर्षाची नाही तरी चार-पाच महिन्यांची एकदम घेऊन उन्हे देऊन, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली तर पुढे दर महिन्याला फरक पडतो. तुमचा गणवेशांचा सीझनही त्याच सुमारास सुरू होतो, म्हणजे हातात पैसेही तेव्हाच असतात. शेंगांची चटणी घरी कुटता की विकत आणता, हे पत्रात नाही. विकत आणत असाल, तर सासूबाईंच्या हातची चव पुन्हा सुरू करायला हे एक निमित्त आहे.

एकंदरीत किराण्यात ७०० रुपयांची बचत मी धरतो, त्याहून जास्त धरत नाही, कारण मुले वाढत्या वयाची आहेत. दूध आणि भाजीला हात लावू नये. तीन रिचार्जपैकी सासूबाईंच्या फोनला रोजच्या डेटाची गरज नाही. तिथे आणि इतरत्र मिळून ३०० वाचतील. शेजारच्या गल्लीतून पतींच्याच पाळीला जाणारे दोघे जण आहेत असे तुम्ही लिहिता. त्यांपैकी एकाशी, एक आठवडा पतींची गाडी, एक आठवडा त्याची, असे ठरवले तर पेट्रोलचे ५०० वाचायला हरकत नाही. विजेच्या बिलात १०० युनिटांच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला बराच चढा दर लागतो. शिलाई मशीनची मोटर टाळता येणार नाही, पण जुना पिवळा दिवा आणि दिवसभर चालू राहणारा टीव्ही टाळता येतो. तिथे २०० धरा.

माव्याचा विषय नाजूक आहे आणि त्यावर घरात भांडणे होतात असे तुम्ही सुचवलेही आहे. रोजचे चाळीस रुपये, महिन्याचे बाराशे. आरोग्याचे बोलणे डॉक्टरांवर सोपवून तुम्ही पैशापुरते बोला. दर शनिवारी पाकिटातून पतींना १५० रुपये हातखर्च वेगळा काढून द्यावा आणि त्याचा हिशेब अजिबात विचारू नये. त्यात मावा बसवायचा की चहा, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. दहा-बारा तास मागावर उभे राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या कमाईतले काही पैसे विनाजाब खर्चता येत नसतील, तर तो ते चोरून खर्च करतो, आणि चोरून केलेला खर्च यादीत येत नाही. यातून ६०० वाचतील. तुमच्यासाठीही थोडी रक्कम अशीच बाजूला निघाली पाहिजे. यादीत तुमच्या नावावर एकही खर्च नाही, याचा अर्थ तो कुठेतरी किराण्यात लपलेला आहे.

ही सगळी बचत २,३०० होते. सावकाराचे २,५०० थांबले आणि घरखर्च १५,५०० वर आला, की गटाचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि भिशी देऊन चार शनिवारांच्या महिन्यातही ३,१५० रुपये हातात राहतात. त्यांतले २,५०० दर महिन्याला न चुकता सोनेतारण खात्यात भरा. पतसंस्थेत आधी विचारून घ्या, की मधेच भरलेली रक्कम व्याज वळती करून मुद्दलात जमा होते ना, आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्या. नवे-जुने करण्याची सवय इथेच सुटते: वर्षाअखेरीस व्याज भरून कागद बदलला की कर्ज फेडल्यासारखे वाटते आणि मुद्दल जागचे हलत नाही. उरलेले ६५० अडीअडचणीसाठी पोस्टात किंवा बँकेत वेगळे ठेवा.

नऊ महिन्यांनी गाडीचे हप्ते संपतील. त्या महिन्यापासून ते २,६५० घरखर्चात मिसळू न देता सोनेतारणात वळवा, म्हणजे तिथला भरणा ५,१५० होईल. सुमारे दीड वर्षाने गटाचे कर्ज संपले की त्याचे २,२०० सुद्धा तिथेच वळवा. भरणा ७,३५० होईल. या हिशेबाने १,४०,००० रुपयांचे सोनेतारण आजपासून साधारण बत्तीस महिन्यांत, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या आत फिटते. दिवाळीचा बोनस मी यात धरलेला नाही. आजवर तो नवे-जुने करण्यात जात होता, आता तो मोकळा होईल. त्यातला निम्मा मुद्दलात टाकलात तर मुदत आणखी खाली येईल.

गटाच्या हप्त्यात मात्र एकदाही खंड पडू देऊ नका, कारण त्यात इतर बायकांचीही पत गुंतलेली असते. कर्ज संपत आले की “ताई, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, आता साठ हजार घ्या” असे सांगायला माणूस येईल. त्या दिवसासाठी नकार आताच ठरवून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे छोटे, विनातारण सूक्ष्म वित्त (मायक्रोफायनान्स) कर्ज मुदतीआधी फेडण्यास दंड लावता येत नाही आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही, हेही माहीत असू द्या.

तुमच्या लक्षात न आलेली एक जमेची बाजू आहे. तुम्ही महिना चार शनिवारांचा धरून २४,५०० चा हिशेब मांडला आहे, पण वर्षात शनिवार ५२ असतात. म्हणजे चार महिन्यांत पाचवा पगार येतो आणि वर्षाचे १६,००० रुपये तुमच्या हिशेबाबाहेर राहून जातात. आजवर ते कुठे गेले हे यादीतून कळत नाही, पण अंदाज करता येतो: यादीत कपडे, सणवार, लग्नाकार्यातले आहेर आणि पाहुणे यांना कुठेच जागा नाही. पहिल्या वर्षी या चार पगारांतून दुकानदाराचे ११,००० चुकते करा आणि ५,००० सणांसाठी ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मुलांना पाळण्यात बसवण्याचे पैसेही त्यातूनच निघावेत. ते कापू नका, रक्कम मात्र आधी ठरवून घरातून निघा. दुकानदाराला आजच जाऊन सांगा, की पुढचा माल रोखीने नेईन आणि जुनी बाकी वर्षभरात चार टप्प्यांत देईन. दुकान बदलून तोंड चुकवू नका. अडल्या दिवसांत त्याने वही उघडी ठेवली होती.

आता भावाचे पैसे. तुमची घुसमट मला समजते, आणि बिनव्याजी पैसे शेवटी द्यावेत हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी नात्यात तो तसाच लावू नये. भिशी अर्धवट सोडू नका. पाच महिन्यांनी तुमचा नंबर लागून जे १२,००० हातात येतील ते सरळ भावाला द्या, आणि पुढची भिशी न लावता तेच १,००० रुपये दरमहा त्याच्या खात्यावर पाठवा. उरलेले २८,००० अठ्ठावीस महिन्यांत फिटतील, म्हणजे सोनेतारण आणि भाऊ जवळपास एकाच सुमारास मोकळे होतात. ही योजना भावाला आणि वहिनींना समोर बसवून आजच सांगा. न मागता सांगितलेली तारीख आणि त्या तारखेला आलेले हजार रुपये यांनी वहिनींचे मन जितके निवेल, तितके एकदम चाळीस हजार देण्याच्या वायद्याने निवणार नाही. माहेरी जाणे त्यासाठी बंद करू नका. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे.

या सगळ्या मांडणीला धोका आहे तो दुसऱ्या आजारपणाचा, कारण सावकाराचा उंबरा तुम्ही त्यामुळेच चढलात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे आणि शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिचा लाभ मिळतो. शिधापत्रिकेत घरातल्या सर्वांची नावे आधार कार्डाप्रमाणे आहेत का, हे धडधाकट असतानाच पाहून घ्या आणि आयुष्मान कार्डे काढून ठेवा. योजनेतल्या रुग्णालयांची यादी आरोग्यमित्रांकडे, म्हणजे रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे, मिळते. दाखल होण्यापूर्वी रुग्णालय यादीत आहे का आणि तो उपचार योजनेत बसतो का, हे दोन प्रश्न विचारायचे. सासूबाईंचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखलाही दर वर्षी वेळेवर भरत जा. तो चुकला की पेन्शन थांबते आणि महिन्याचे गणित त्या १,५०० रुपयांनी लगेच कोलमडते.

मुलीचा क्लास बंद करू नका. दहावीच्या मध्यावर तो बंद करून वर्षअखेरीस जे काही हजार वाचतील, त्यांच्या कितीतरी पट नुकसान होऊ शकते. उलट कर्जाच्या या हिशेबाची वही तिलाच लिहायला द्या: शनिवारी किती आले, रविवारी किराण्याला किती गेले, पतसंस्थेत किती भरले. तिच्यावर ओझे टाकण्यासाठी हे सांगत नाही. घरात कुजबुज चालते हे मुलांना कळतच असते, आणि आकडे उघड असले की त्यांची भीती कमी होते. तिच्या अकरावी प्रवेशासाठी आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला लागेल. निकालानंतर सेतू कार्यालयात गर्दी उसळते, म्हणून त्यासाठी लागणारी कागदपत्रे आणि पतींचे पगाराचे पत्र तिची परीक्षा संपताच, एप्रिलमध्येच, गोळा करून अर्ज देऊन टाका.